साधेपणाचे दुकान
(अभ्यासलेख : कक्षा ९ ते १२ चे विद्यार्थी व पालक यांच्यासाठी)



या अंकातील अभ्यासलेखासाठी मी जो विषय निवडला आहे तो अर्थशास्त्राचा आहे, इतिहासाचा आहे आणि आपल्या कपाटाचाही आहे. प्रश्न साधा आहे. बाजाराच्या मोहाला जो माणूस 'नाही' म्हणतो, त्याच्या त्या 'नाही'चीच बाजार एक वस्तू करून विकतो, असे का होते? बंडखोरीचा सदरा दुकानात टांगलेला का दिसतो? आणि तो विकत घेतल्यावर आपण बंडखोर झालो की फक्त गिऱ्हाईक झालो?

हे समजून घेण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आपल्या देशातले सर्वांत मोठे उदाहरण कापडाचे आहे, आणि आपले बऱ्हाणपूर हे तर कापडाचेच गाव.

आधी शब्द समजून घेऊ

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे घरची मराठी आणि पुस्तकातली हिंदी यांची तुलना करण्याची सवय मला लागली. हिंदीत ज्याला 'उपभोक्ता' म्हणतात त्याला मराठीत 'ग्राहक' म्हणतात. उपभोक्ता म्हणजे भोग घेणारा आणि ग्राहक म्हणजे घेणारा, स्वीकारणारा. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी जी चळवळ सुरू केली तिचे नावही 'ग्राहक पंचायत' असेच आहे. हिंदीतला 'उपभोक्तावाद' मराठीत मात्र 'चंगळवाद' होतो. चंगळ म्हटले की डोळ्यांपुढे जेवणावळी, दागिने, गाड्या येतात. म्हणून आपल्याला वाटते की चंगळ नेहमी भपकेबाजच असते. इथेच आपली फसगत होते. साध्या दिसणाऱ्या वस्तूचीही चंगळ होऊ शकते. शंभर रुपयांच्या भपक्याला नावे ठेवून हजार रुपयांचा साधेपणा घरी आणणारा माणूसही चंगळच करत असतो. फक्त त्याची चंगळ दिसत नाही.

अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ साली दाखवून दिले की माणूस पुष्कळशा वस्तू उपयोगासाठी घेत नाही, तर इतरांना दिसावे म्हणून घेतो. ते श्रीमंतांच्या डामडौलाविषयी बोलत होते. पुढे कॅनडातील जोसेफ हीथ आणि अँड्र्यू पॉटर या दोन अभ्यासकांनी २००४ साली एका पुस्तकात हाच धागा पुढे नेला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : 'मी इतरांसारखा नाही' हे दाखवण्याची धडपड हीच बाजाराची मोठी ताकद आहे, आणि बंडखोर माणूस तीच धडपड सर्वांत जास्त करतो. म्हणून बंडखोरी बाजाराला मारत नाही, तर त्याला नवा माल पुरवते.

हे म्हणणे पूर्ण खरे आहे का? आपण खादीच्या गोष्टीवरून तपासू.

नकाराचे कापड

खादीची गोष्ट गांधीजींपासून सुरू होते असे अनेकांना वाटते. पण महाराष्ट्रात तिची सुरुवात आधीच झाली होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच 'सार्वजनिक काका', १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातसुताच्या खादीचा पोशाख करून गेले. राजे-महाराजे जरीच्या वस्त्रांत मिरवत असताना एक माणूस जाड्याभरड्या कापडात उभा आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. तेव्हा खादीला कुठलाही मान नव्हता. ती घालण्यात फायदा काहीच नव्हता आणि हसे होण्याची शक्यता पुष्कळ होती.

१९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची लाट देशभर पसरली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. त्या प्रकरणी फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर यांना दहा रुपये दंड झाला व वसतिगृह सोडावे लागले. त्या काळी विद्यार्थ्यासाठी दहा रुपये ही लहान रक्कम नव्हती. थोडक्यात, नकाराची किंमत नकार देणारा स्वतः मोजत होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे हीच उलटणार आहे.

स्वदेशीच्या लाटेत दोन वेगळ्या गोष्टी घडल्या. एकीकडे 'परदेशी नको' म्हणणारी माणसे 'देशी द्या' म्हणत दुकानात गेली. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांची विक्री वाढली आणि भावही चढले. ज्या बंगालमध्ये चळवळ पेटली होती तिथल्या गरिबाला धोतर महाग पडू लागले. रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९१६ च्या 'घरे बाइरे' या कादंबरीत हेच दुखणे मांडले आहे. देशभक्तीच्या नावाखाली गरीब फेरीवाल्याचे स्वस्त विदेशी कापड जाळले जाते, आणि जाळायला लावणाऱ्याचे मात्र काहीच जात नाही.

दुसरीकडे, याच काळात अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून 'पैसा फंड' उभा राहिला. लोकांकडून एकेक पैसा जमवला गेला, लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिले, आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. तिथे तरुण काचकाम शिकले आणि ती विद्या घेऊन बाहेर पडले. आता या दोन गोष्टींतला फरक पाहा. पहिलीत माणसाने दुकान बदलले, दुसरीत माणूस काहीतरी करायला शिकला. माझ्या मते आजच्या संपूर्ण धड्याचे सार या फरकात आहे.

पंचा आणि दोन हजार वार सूत

३१ जुलै १९२१ रोजी मुंबईला परळमध्ये गांधीजींच्या हस्ते विदेशी कपड्यांची मोठी होळी झाली. पण त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच त्यांच्यापुढे एक अडचण उभी राहिली. गरीब लोक त्यांना सांगू लागले की विदेशी कापड टाकायला आमची तयारी आहे, पण खादी घ्यायला पैसे नाहीत. म्हणजे साधेपणा महाग पडत होता! २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत गांधीजींनी सदरा-धोतर सोडून फक्त पंचा नेसण्याचा निर्णय घेतला. जो पूर्ण खादी घेऊ शकत नाही त्याने लाज न बाळगता कमी कपड्यात राहावे, आणि त्याची सुरुवात आपल्यापासून व्हावी, असा त्यामागे विचार होता. साधेपणा लोकांना परवडेना तेव्हा त्यांनी स्वतःची गरज आणखी खाली आणली.

पण चळवळ एका माणसाची नसते. डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन बेळगावला भरले आणि गांधीजी त्याचे अध्यक्ष होते. तिथे सभासदत्वासाठी नवा नियम पक्का झाला. चार आणे वर्गणीऐवजी दरमहा दोन हजार वार सूत द्यायचे. कल्पना सुंदर होती. पैसे कोणीही फेकतो, सूत मात्र बसून कातावे लागते. परंतु पुष्कळ पुढाऱ्यांना कातणे मान्य नव्हते, म्हणून तडजोड झाली. ज्याची स्वतः कातण्याची इच्छा नसेल किंवा जो आजारी असेल त्याने दुसऱ्याकडून कातलेले तेवढेच सूत दिले तरी चालेल. झाले! ज्या क्षणी 'दुसऱ्याने कातलेले चालेल' असे ठरले, त्या क्षणी श्रमाची जागा खरेदीला घेता आली. सुताची लडी हातात तीच होती, पण तिच्यामागचा घाम दुसऱ्याचा होता. हा नियम वर्षभरही टिकला नाही. १९२५ साली तो सैल केला गेला आणि कातण्याच्या कामासाठी अखिल भारतीय चरखा संघ ही स्वतंत्र संस्था निघाली.

बाजाराच्याही हे लक्षात आले होते. खादीला मान मिळू लागताच गिरण्या यंत्रावर विणलेले जाडेभरडे कापड खादी म्हणून विकू लागल्या. कापडाच्या ताग्यांवर चरखे आणि पुढाऱ्यांची चित्रे झळकू लागली. यंत्राविरुद्धच्या बंडाचे चिन्ह यंत्राच्याच मालावर छापले गेले. शेवटी १९३४ साली 'खद्दर' या नावाच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. चळवळ सुरू होऊन पंधरा वर्षेही झाली नव्हती, तोच तिच्या नावाची नक्कल थांबवण्यासाठी सरकारी कायदा लागला, आणि ते सरकारही कोणाचे, तर इंग्रजांचे!

आपल्या शेजारचे फैजपूर

आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक रावेर, सावदा, फैजपूर या भागात आहेत. डिसेंबर १९३६ मध्ये याच फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. धनाजी नाना चौधरी यांनी आयोजनाचा भार उचलला होता, आणि साने गुरुजींसारखे कार्यकर्ते त्यासाठी खानदेशात राबले. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावातच मिळणाऱ्या वस्तूंनी मंडपाची सजावट उभी केली. खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शनही होते.

तिथे साधेपणा दाखवला नव्हता का? दाखवला होता. मग तो आणि आजच्या मोठ्या शहरातल्या 'गावरान' थाटाच्या हॉटेलातला कंदील व बैलगाडीचे चाक यांत फरक काय? फरक असा की फैजपूरचा बांबू फैजपूरच्या माणसांनी उभारला, ते काम करताना त्यांना त्याचे मोल कळले, आणि अधिवेशन संपल्यावर माणसे बदललेली राहिली. हॉटेलातले चाक भिंतीवर टांगलेले असते, आणि ते बैलाने ओढलेले नसते की माणसाने.

त्याच सुमारास, १९३५ मध्ये, चरखा संघात एक मोठा प्रश्न निघाला. कातणाऱ्या बायांना मिळणारी मजुरी अगदीच तुटपुंजी होती. गांधीजींनी आग्रह धरला की तिला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल. मजुरी वाढली आणि खादी खरोखरच महागली. इथे थोडे थांबून विचार करा. महाग खादी म्हणजे नेहमी ढोंग नव्हे. भाव का वाढला हे पाहायला हवे. तो कातणारणीच्या हातात जाण्यासाठी वाढला की नावाच्या चिठ्ठीसाठी वाढला? दोन सदऱ्यांची किंमत एकच असू शकते, पण त्यांची नीती वेगळी असते.

पुढारी, टोपी आणि पेन

स्वातंत्र्यानंतर खादीचा अर्थ बदलला. ती घातली की पोलीस पकडत नव्हते, उलट सलाम करत होते. १९२०-३० च्या काळात जी पांढरी टोपी घातली म्हणून नोकरी जाऊ शकत होती, तीच पुढे तिकीट मिळवण्याचा पोशाख झाली. आपल्या खानदेश-विदर्भातले शेतकरी आजोबा तीच टोपी साधेपणाने आयुष्यभर घालत राहिले, पण लोकांच्या बोलण्यात 'टोपी घालणे' म्हणजे फसवणे असा अर्थ चालूच राहिला. ऑगस्ट २०११ मध्ये अण्णा हजारे दिल्लीच्या रामलीला मैदानावर उपोषणाला बसले, तेव्हा 'मैं अण्णा हूँ' लिहिलेल्या टोप्या गावोगावी रस्त्यावर विकायला आल्या. ज्यांनी त्या घातल्या त्यांतले पुष्कळ जण मनापासून आले होते, यात शंका नाही. तरीही प्रश्न उरतोच. टोपी डोक्यावर चढवायला एक मिनिट पुरते. लाच न देण्याचा निश्चय कचेरीच्या खिडकीपुढे उभे राहून पाळायला किती वेळ लागतो?

सर्वांत टोकाचे उदाहरण २००९ चे आहे. मोंब्लाँ या परदेशी कंपनीने गांधीजींच्या नावाने सोन्याचे पेन काढले. निबवर हातात काठी घेतलेले गांधीजी कोरलेले होते. दांडीयात्रा २४१ मैलांची म्हणून पेनेही २४१ च. एकेकाची किंमत अकरा लाख रुपयांच्या वर! प्रकरण न्यायालयात गेले, कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आणि विक्री थांबवली. मूठभर मिठासाठी चाललेल्या पावलांचा हिशेब सोन्याच्या पेनांत केला गेला, याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

आजही 'खादी' या नावाला बाजारात मोल आहे. म्हणून २०१३ साली खादी चिन्हाचे नियम करण्यात आले. २०१८ साली खादी व ग्रामोद्योग आयोगाने फॅबइंडिया या कंपनीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात ५२५ कोटी रुपयांचा दावा दाखल केला, तोही 'खादी' या नावाच्या वापरावरून. दाव्यात कोण बरोबर हा आपला विषय नाही. आपल्यासाठी मुद्दा एवढाच की एके काळी फुकट दिले तरी लोक हसत होते, त्या कापडाच्या नावासाठी शेकडो कोटींचे वाद होतात.

जगात हेच

हे फक्त आपल्याकडे घडते असे नाही. जीन्स हे अमेरिकेतील मजुरांचे कापड. जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांना १८७३ साली तांब्याचे रिव्हेट ठोकलेल्या पँटचे पेटंट मिळाले, कारण खाणकाम करणाऱ्यांचे खिसे फाटत होते. १९५० च्या दशकात सिनेमातल्या बंडखोर तरुणांमुळे ती बंडाची खूण झाली, आणि अमेरिकेतल्या काही शाळांनी तिच्यावर बंदी घातली. १९६० च्या दशकात हिप्पींनी ती विटेपर्यंत घातली. मग कारखान्यांनी नवीन जीन्सच विटवून, फाडून विकायला सुरुवात केली.

यात एक दुःखद गोष्ट आहे. कापड जुने दिसावे म्हणून त्यावर वाळूचा जोरदार फवारा मारला जात असे. ती बारीक धूळ श्वासातून जाऊन तुर्कस्तानातील तरुण कामगारांना सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा असाध्य रोग जडला आणि अनेक जण दगावले. २००९ मध्ये तुर्कस्तानने या पद्धतीवर बंदी घातली. एकाची पँट जुनी दिसावी म्हणून दुसऱ्याचे आयुष्य झिजले. जीन्स खरोखर जुनी होऊ दिली असती तर एवढेच झाले असते की थोडी वर्षे थांबावे लागले असते.

क्यूबातील छायाचित्रकार आल्बेर्तो कोर्दा यांनी ५ मार्च १९६० रोजी काढलेले चे गेव्हाराचे छायाचित्रही तुम्ही टी-शर्टवर पाहिले असेल. भांडवलशाहीविरुद्ध लढलेल्या माणसाचा चेहरा आज भांडवलशाहीच्या प्रत्येक बाजारात विकला जातो. तो टी-शर्ट घालणाऱ्या मुलाला विचारा, हा कोण? बहुधा उत्तर येते, 'माहीत नाही, पण भारी दिसतो.'

हे घडते कसे?

आता सर्व उदाहरणे एकत्र ठेवा. चार पायऱ्या दिसतील.

पहिली पायरी : काही माणसे त्रास सोसून एखादी गोष्ट करतात किंवा सोडतात. त्यांचा पोशाख, भाकरी, चप्पल ही त्या कामाची सोबतीण असते.

दुसरी पायरी : लोकांना त्या माणसांविषयी आदर वाटतो. आदर कामाचा असतो, पण डोळ्यांना पोशाख दिसतो. म्हणून पोशाख ही खूण होते.

तिसरी पायरी : बाजार खूण कामापासून वेगळी करतो. काम विकता येत नाही, खूण विकता येते. आता त्रास न सोसता आदर मिळण्याची सोय होते.

चौथी पायरी : खूण सर्वांकडे झाली की तिचा मान कमी होतो. मग ज्यांना वेगळे दिसायचे असते ते नवी, दुर्मीळ, महाग खूण शोधतात. चक्र पुन्हा सुरू होते आणि खरेदी कमी होण्याऐवजी वाढते.

मराठीत म्हण आहे की सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही. आजच्या काळात या म्हणीला एक पुरवणी जोडावी लागेल. गरिबीचे सोंग आणायला मात्र पैसा लागतो!

आपल्या संतांनी हे शतकानुशतके आधीच ओळखले होते. माळ, टिळा, भगवे वस्त्र यांच्यामागे आचरण नसेल तर ते सोंग आहे, असे त्यांनी स्पष्ट शब्दांत बजावले. गाडगेबाबांकडे पाहा. अंगावर चिंध्या, हातात खराटा. पण खराटा ही खूण नव्हती, त्याने ते खरोखर गाव झाडत असत. म्हणून त्यांच्या चिंध्यांची फॅशन झाली नाही. खराट्यासकट त्या घ्याव्या लागल्या असत्या!

आपल्या गावात, आपल्या घरात

बऱ्हाणपूरच्या मुलाला हा विषय इतरांपेक्षा जास्त कळायला हवा. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये इथे आला आणि इथले तलम, पारदर्शक कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, कैरोपर्यंत जाते असे त्याने लिहून ठेवले. पुढे ताप्ती मिल आली, घरोघरी पॉवरलूम आले. आजही इथल्या लूमवर कोरे कापड आणि बकरम निघते. बकरम म्हणजे कॉलरला ताठपणा देणारे आतले कापड. कॉलर ताठ राहते ती आतल्या बकरममुळे, आणि नाव दिसते ते बाहेरच्या कंपनीचे. ज्या गावाला हे माहीत आहे त्या गावाने तरी चिठ्ठी वाचून माणसाची किंमत करू नये.

एकदा गांधी जयंतीच्या कार्यक्रमापूर्वी पालक सभेत सूचना आली की त्या दिवशी सर्व मुलांनी नवीन खादीचा पांढरा कुर्ता घालावा, फोटो चांगले येतील. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. तेव्हा मागच्या रांगेतले एक पालक उठले. ते लूमवर रात्रपाळी करतात. म्हणाले, ''साहेब, मी रात्रभर उभा राहून कापड काढतो. त्याच मजुरीतून एका दिवसासाठी वेगळं कापड विकत घ्यायचं आणि पोराला साधेपणा शिकवायचा, हे काही जमत नाही मला. घरात दोन पोरं आहेत.'' सभा शांत झाली. कोणी काही बोलले नाही, कारण बोलण्यासारखे काही उरले नव्हते. ठरले ते असे : ज्याच्याकडे खादी आहे त्याने घालावी, इतरांनी रोजचा गणवेश स्वतःच्या हाताने धुऊन घालावा. त्या वर्षी आठवीच्या मुलांनी तकलीवर सूत कातून पाहिले. तासाभरात कोणाचे हातभर निघाले, कोणाचे तेवढेही नाही. दोन हजार वार म्हणजे काय, हे त्या दिवशी कोणालाही फळ्यावर समजावून सांगावे लागले नाही.

घरातही पाहा. आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी आपण ट्रंकेत टाकतो आणि शहरातून 'हँडमेड' रजई मागवतो. ज्वारी-बाजरीची भाकरी गरिबाघरची म्हणून जिला नाके मुरडली, तिचीच पाकिटे २०२३ च्या भरडधान्य वर्षात चढ्या भावाने दिसली. कापडी पिशवीचेही तसेच. प्रत्येक समारंभात नाव छापलेली नवी पिशवी मिळते आणि घरात पिशव्यांचा ढीग होतो. डेन्मार्कच्या पर्यावरण विभागाच्या २०१८ च्या अभ्यासात असे दिसले की नवीन सुती पिशवी केवळ हवामानाच्या दृष्टीने प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा बरी ठरण्यासाठी ती पन्नासाहून अधिक वेळा वापरावी लागते, आणि पाणी-जमीन वगैरे सर्व परिणाम धरले तर हजारो वेळा. म्हणजे पर्यावरण वाचते ते पिशवी घेतल्याने नव्हे, तीच ती पिशवी वापरल्याने. जुन्या परकराची शिवलेली पिशवी या हिशेबात सर्वांत पुढे आहे, फक्त तिच्यावर काही छापलेले नसते.

मग खादी घालू नये का?

असा निष्कर्ष काढाल तर धडा चुकीचा कळला. खादी घ्यावी, जरूर घ्यावी. पण ती खरी असावी. हाताने कातलेले सूत हाताने विणले तर खादी. गिरणीचे सूत हातमागावर विणले तर हातमागाचे कापड. गिरणीचे सूत पॉवरलूमवर विणले तर आपल्या गावचे रोजचे कापड. तिन्हींत माणसांचे श्रम आहेत आणि तिन्हींना मान आहे. मात्र एकाच्या नावाने दुसरे विकणे ही लबाडी आहे.

'सगळेच ढोंगी आहेत, मग मी तरी का बंधन पाळू' असे म्हणणे हीसुद्धा एक पळवाट आहे, आणि बाजाराला ती फार आवडते. कारण असे म्हणणारा माणूसही शेवटी दुकानातच जातो. हीथ आणि पॉटर यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. खूण विकली जाते हे खरे, पण काम विकले जात नाही हेही तितकेच खरे. सार्वजनिक काकांचा पोशाख आज कोणीही शिवून घेईल. दरबारात तो घालून जाण्याची हिंमत मात्र शिवून मिळत नाही.

म्हणून कोणतीही 'साधी', 'देशी', 'नैसर्गिक' किंवा 'हटके' वस्तू घेण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारा.

१. ही वस्तू कोणालाच दिसणार नसेल तरी मी घेईन का?
२. मी दिलेल्या पैशांतले किती, ती बनवणाऱ्याच्या हातात जातील?
३. माझ्याकडे असलेली जुनी वस्तू खरोखर संपली आहे का?
४. माझ्या या साधेपणामुळे शेजारी बसणाऱ्या मुलाला कमीपणा तर वाटणार नाही ना?

चौथा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. महागड्या बुटांचा तोरा आपण लगेच ओळखतो. पण 'मी असल्या वस्तू वापरत नाही' हा तोराही तितकाच टोचतो, विशेषतः त्याला, ज्याला निवड करण्याची सोयच नाही. ज्याला दोनच सदरे आहेत तो साधेपणाने राहत नाही, तो नाइलाजाने राहतो. दहा सदरे परवडत असताना दोनांवर राहणाऱ्याने त्याच्यापुढे प्रवचन करू नये. उरलेल्या आठांचे काय केले ते मनात ठेवावे.

स्वाध्याय

१. घरातील सर्वांत जुनी, अजून वापरात असलेली वस्तू कोणती? ती किती वेळा दुरुस्त झाली, हे आजी-आजोबांना विचारून दहा ओळी लिहा.
२. १९२४ च्या बेळगाव अधिवेशनातील सुताच्या नियमात झालेली तडजोड योग्य होती का? दोन्ही बाजू मांडा.
३. आपल्या मोहल्ल्यातील लूमवर जाऊन (परवानगी घेऊन) विचारा : हे कापड कुठे जाते, कशासाठी वापरले जाते, आणि त्यावर शेवटी कोणाचे नाव लागते?
४. एक महिना कोणतीही 'पर्यावरणपूरक' वस्तू विकत न घेता पर्यावरणासाठी काय करता येईल? पाच कामे लिहा. अट एकच, त्यांत पैसे खर्च होता कामा नयेत.
५. फाटलेले बटण लावणे, उसवलेली शिवण घालणे आणि सायकलचे पंक्चर काढणे यांपैकी जे येत नसेल ते दिवाळीच्या सुट्टीत शिकून या. मुलगा-मुलगी हा भेद नाही. सुट्टीनंतर वर्गात प्रत्यक्ष करून दाखवायचे आहे.

उत्तरे वहीत लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावीत. पालकांनी मदत करावी, पण उत्तरे लिहून देऊ नयेत. दुसऱ्याने कातलेले सूत आपल्याकडे चालणार नाही!